कानपूरच्या भंगारातलं विमान

 

या वेळेला आपण एरवी शेळ्यांचा विमा, रेशन कार्डावरची नावं, रक्त कमी असणं, बचत गटाचे हप्ते असं बोलतो. आज आम्ही एका विमानाबद्दल बोलणार आहोत, आणि तेही बॉम्ब टाकणारं विमान. काही जणी लगेच म्हणतील, "यांना काय झालंय आज?" जरा धीर धरा. रेडिओ बंद करू नका. गोष्ट भांड्याला कल्हई करणाऱ्यापासून, फाटक्या लुगड्याची वाकळ शिवणाऱ्या आजीपर्यंत सगळ्यांची आहे.

झालं असं की मागच्या थंडीत आमच्यातल्या तिघी बचत गटाच्या मालाचं प्रदर्शन होतं म्हणून दिल्लीला गेल्या होत्या. चटण्या संपल्या, शेवटचा अर्धा दिवस मोकळा मिळाला. कुणीतरी म्हणालं, पालमला वायुदलाचं संग्रहालय आहे, बघून या. गेलो. तिथे लहान-मोठी बरीच विमानं आहेत. त्यात एक चार इंजिनांचं, पोट खाली आलेलं, बैलासारखं धिप्पाड विमान. नाव लिबरेटर, म्हणजे मुक्त करणारा. आम्ही बघत उभ्या होतो, तर शेजारी नातवाला घेऊन आलेले एक पिकल्या केसांचे गृहस्थ त्याला सांगत होते, "बेटा, ये जहाज कबाड़ से उठाया हुआ है."

कबाड म्हणजे आपलं भंगार. एवढं मोठं विमान भंगारातून उचललं? आम्हाला काही ते पटेना. परत आल्यावर आम्ही शोधाला लागलो. कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना हाताशी धरलं, इंग्रजी पुस्तकं त्यांच्याकडून समजून घेतली. आणि गोष्ट खरी निघाली. एवढंच नाही, तिच्या सुरुवातीलाच आम्हाला बायका भेटल्या. मग म्हटलं, ही गोष्ट आपल्या कार्यक्रमात सांगायचीच.

आधी विमान कसं होतं ते सांगतो, म्हणजे डोळ्यांपुढे येईल. अमेरिकेतल्या कन्सॉलिडेटेड नावाच्या कंपनीनं ते बनवलं. २९ डिसेंबर १९३९ रोजी ते पहिल्यांदा उडालं. तेव्हा युरोपात दुसरं महायुद्ध सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते. त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११० फूट. आपल्या तीन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढं अंतर होईल तेवढं. चार इंजिनं, एकेकाची ताकद १,२०० घोड्यांची. आत आठ-दहा माणसं. पोटाची दारं दुकानाच्या शटरसारखी वर गुंडाळली जायची आणि मग बॉम्ब खाली पडायचे. पुढच्या भागातून मागच्या भागात जायला मधोमध एक पट्टी होती, जेमतेम वीतभर रुंद. तिच्यावरून तोल सांभाळत चालायचं आणि खाली शटर. वीस हजार फुटांवर आत हिवाळ्यापेक्षा भयंकर थंडी, शून्याच्या खाली चाळीस अंशांपर्यंत. विजेवर तापणारे कपडे घालून आणि नाकातोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावून ही वीस-बावीस वर्षांची पोरं सात-आठ तास, कधी त्याहूनही जास्त, बसून राहायची.

या विमानाचा मोठा गुण म्हणजे ते लांब जायचं. म्हणूनच अटलांटिक महासागराच्या मधल्या भागात, जिथे दुसरी विमानं पोचत नव्हती, तिथे लिबरेटर पोचलं. इंग्लंडला धान्य नेणारी जहाजं जर्मन पाणबुड्या तिथे बुडवत होत्या. त्यांना आवर घालण्यात या विमानाचा मोठा हात होता. आणि आपल्याकडच्या लढाईत, बर्मा-सयाम-सुमात्राच्या अंतरांना, तर हेच लागत होतं.

आता ते बनवलं कुणी? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात विलो रन नावाच्या ठिकाणी फोर्ड कंपनीनं या विमानांसाठी प्रचंड कारखाना उभारला. हीच ती मोटारी बनवणारी फोर्ड. त्यांनी ठरवलं, मोटार जशी पट्ट्यावर पुढे पुढे सरकत तयार होते तसं विमान तयार करायचं. सुरुवातीला लोक हसले. वर्षभर काम रखडलं. पण १९४४ साली त्या कारखान्यातून साधारण तासाला एक विमान बाहेर पडत होतं. मैत्रिणींनो, आपल्या घरात तासाभरात स्वयंपाक उरकला तर आपण खूश होतो. विलो रननं तयार केलेल्या लिबरेटरांची संख्या साडेआठ हजारांवर गेली. सगळ्या कारखान्यांची मिळून अठरा हजारांवर. अमेरिकेनं दुसरं कुठलंच लढाऊ विमान एवढ्या संख्येनं बनवलं नाही.

पुरुष लढाईवर गेलेले. मग ही विमानं बनवायला माणसं कुठून आणायची? बायकांना बोलावलं. चाळीस हजारांच्या आसपास कामगार होते, त्यात हजारो बायका. शेतावरच्या, दुकानात काम करणाऱ्या, कधी घराबाहेर न पडलेल्या. एका विमानाला तीन लाखांवर रिवेट लागायचे. रिवेट म्हणजे पत्रा पत्र्याला जोडणारा, न उघडणारा खिळा. आपल्या कढईच्या कानाला असतो ना, तोच. आणि रिवेट मारणं एकटीचं काम नाही. एकीनं बाहेरून रिवेटची बंदूक धरायची, दुसरीनं आतून लोखंडाचा ठोकळा घट्ट दाबून धरायचा. दोघींचा जोर एका क्षणी बसला तरच रिवेट नीट बसतो. नाहीतर ड्रिलनं काढा आणि परत मारा. पंखाच्या आतल्या अरुंद जागेत मोठी माणसं शिरत नव्हती, तिथे लहान चणीच्या माणसांना पाठवायचे. आम्हाला वाचताना आठवलं ते जात्यावरचं दळण. समोरासमोर बसून दोघींनी एक खुंटा ओढायचा, एकीचा हात चुकला की दुसरीच्या मनगटाला झटका.

सगळ्याच बायकांना सारखी दारं उघडली असंही नाही. काळ्या बायकांना कामावर घ्यायला कंपनी आधी तयार नव्हती. त्यासाठी डेट्रॉईटमध्ये लोकांना निदर्शनं करावी लागली, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण कारखान्याच्या जुन्या चित्रांत सगळं गोडच दाखवतात.

या कारखान्यात रोज मन्रो नावाची एक बाई होती. केंटकीची. नवरा वारलेला, पदरात दोन लहान मुली. ती रिवेट मारायची. "रिवेटवाली रोझी" नावाचं एक गाणं तेव्हा गाजत होतं, आणि या बाईचं नावही नेमकं तेच. मग सरकारी प्रचारासाठी काढलेल्या चित्रफितीत तिला घेतलं. ती प्रसिद्ध झाली. पण तिला स्वतःला काय हवं होतं माहीत आहे? तिला विमान चालवायचं होतं. बायकांना वैमानिक करण्याची एक योजना तेव्हा होती. तिथे तिला घेतलं नाही, कारण ती एकटी आई होती. युद्ध संपलं, कारखाना बंद झाला, बायका घरी गेल्या. रोजनं टॅक्सी चालवली, ब्यूटी पार्लर चालवलं, पुढे स्वतःची घरं बांधण्याची कंपनी काढली. आणि पन्नाशी ओलांडल्यावर विमान चालवण्याचा परवाना मिळवला. पुढे एका अपघातात तिला एक डोळा आणि एक मूत्रपिंड गमवावं लागलं. १९९७ साली ती वारली. जिनं विमानं बनवली तिला त्यात बसायला एवढी वर्षं लागली.

आता विलो रनला तयार झालेल्या एका विमानाच्या मागे मागे जाऊ. ते आज लंडनच्या हेंडन भागातल्या वायुदल संग्रहालयात उभं आहे. त्याचा ब्रिटिश नंबर के-एन ७५१. ते बनलं युद्धाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात. अमेरिकेनं ते ब्रिटिशांना उसनं दिलं. हो, उसनंच. अमेरिकेनं तसा कायदाच केला होता की मित्रदेशांना लढाईचं सामान द्यायचं, हिशेब नंतर बघू. आपण शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो तसं, फक्त वाटी जरा मोठी.

हे विमान आलं आपल्या बाजूला, ब्रिटिशांच्या ९९ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. ही तुकडी आधी बंगालमध्ये होती, नदिया जिल्ह्यात धुबुलियाला. आता बंगाल म्हटलं की आम्हाला थांबावंच लागतं. १९४३ साली याच बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसं भुकेनं मेली. रस्त्यांवर, कलकत्त्याच्या फुटपाथांवर. त्याच मुलखात या विमानांसाठी लांबच लांब धावपट्ट्या बांधल्या जात होत्या, पेट्रोल येत होतं, बॉम्ब येत होते. भात मात्र वेळेवर आला नाही. विमानाची गोष्ट सांगताना हे सोडून दिलं तर ती गोष्ट खोटी होईल.

बंगालमधून लिबरेटर विमानं बर्मा आणि सयामवर जायची. रेल्वे, पूल, बंदरं यांवर बॉम्ब टाकायची. बर्मा-सयामची ती रेल्वे जपान्यांनी युद्धकैद्यांकडून आणि आशियातल्या मजुरांकडून मारून मुटकून बांधून घेतली होती. त्यात मलायातले हजारो तमिळ मजूर होते. त्यांच्या छावण्या रुळांना आणि पुलांना लागून. त्यामुळे रुळांवर टाकलेल्या बॉम्बनी काही वेळा कैदीच मेले, ज्यांना सोडवायचं तेच. आकाशातून खाली बघणाऱ्याला माणूस दिसत नाही, रूळ दिसतात. म्हणून आम्ही या विमानाला हार घालत नाही. बनवणाऱ्या हातांचं कौतुक आहे, पण ते बनवलं होतं कशासाठी हे विसरून कसं चालेल?

१९४५ च्या उन्हाळ्यानंतर ९९ नंबरची तुकडी हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर गेली. नारळाची झाडं तोडून, जमिनीवर भोकं पाडलेले पोलादी पत्रे अंथरून तिथे धावपट्टी केली होती. तिथून सुमात्रा गाठायचं. तोवर ऑगस्टमध्ये जपाननं हार मानली. आणि मग या बॉम्बच्या विमानांना वेगळंच काम मिळालं.

सुमात्राच्या जंगलांत जपान्यांच्या कैदी छावण्या होत्या. त्यात सैनिक होते, तसे साधे नागरिकही होते. डच, इंग्रज, ऑस्ट्रेलियन बायका आणि पोरं. साडेतीन वर्षं त्या छावण्यांत. पालेमबांगच्या छावणीतल्या बायकांची एक हकिकत आम्हाला फार लागली. तिथे वाद्यं नव्हती, पुस्तकं नव्हती, पोटाला पुरेसं नव्हतं. मार्गारेट ड्रायबर्ग आणि नोरा चेंबर्स या दोघींनी मिळून १९४३ च्या अखेरीस बायकांचा वाद्यवृंद उभा केला, फक्त गळ्यांचा. मोठमोठ्या संगीतकारांच्या रचना शब्दांविना, नुसत्या आवाजांनी म्हणायच्या. पुढे पुढे गाणाऱ्या बायका एकेक करून मरत गेल्या आणि ते थांबलं. मार्गारेट ड्रायबर्ग युद्ध संपायच्या चार महिने आधी, एप्रिल १९४५ मध्ये गेली.

अशा छावण्यांना युद्ध संपल्याचं कळायचं कसं? पहारेकरी सांगतीलच असं नाही. म्हणून ऑगस्टच्या शेवटी विमानांतून पत्रकं टाकली गेली. कैद्यांसाठी वेगळी, पहारेकऱ्यांसाठी वेगळी. लढाई संपली, आहात तिथेच थांबा, मदत येते आहे. त्या मोहिमेचं नाव होतं बर्डकेज, म्हणजे पाखराचा पिंजरा. त्यापाठोपाठ अन्न आणि औषधं टाकली. त्या कामाला कोकोस बेटांवरची लिबरेटरं होती. जी शटरं उघडून बॉम्ब पडायचे, त्याच शटरांतून आता डबे आणि औषधांची खोकी पडू लागली. यंत्र तेच होतं, त्याच्या पोटात काय भरायचं हे माणसांनी ठरवलं. आम्हाला हे वाचून जे वाटलं ते शब्दांत नीट सांगता येत नाही.

पुढे काय? युद्ध संपलं. उसनं आणलेल्या वस्तूचं काय करायचं? परत करा, पैसे मोजा, नाहीतर मोडून टाका. परत न्यायला खर्च, आणि अमेरिकेत आधीच विमानांचे ढीग पडलेले. म्हणून ब्रिटिशांनी आपल्या मुलखातली लिबरेटरं कानपूरला गोळा केली आणि मोडून ठेवली. मोडली म्हणजे कशी? अंगावर बुलडोझर घातले, कुदळी मारल्या, इंजिनांत वाळू ओतली. परत कधी कुणाला उडवता येऊ नयेत अशी. आणि १९४७ साली ते निघून गेले. ती विमानं कानपूरच्या उन्हापावसात पडून राहिली.

त्याच वेळी आपला देश नवा, आणि काश्मीरमध्ये लढाई पेटलेली. वायुदलाकडे लांबच्या पल्ल्याचं बॉम्बफेकी विमान नव्हतं. विकत घ्यायला पैसे नाहीत. कुणाच्या तरी डोक्यात आलं, कानपूरला बघू या का? आणि विचारलं कुणाला, तर बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याला.

इथे आपला महाराष्ट्र येतो बघा. हा कारखाना १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं काढला वालचंद हिराचंद यांनी. सोलापुरात जन्मलेले. आपल्याकडे वालचंदनगर ज्यांच्या नावाचं आहे तेच. पुढे सरकारनं तो ताब्यात घेतला आणि युद्धाच्या काळात तिथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती चालायची. म्हणजे तिथल्या कारागिरांनी असल्या इंजिनांत, असल्या पत्र्यांत हात घातलेला होता. ज्ञान हे असं असतं. एकदा हातात आलं की मालक बदलले तरी ते हातातच राहतं.

कारागीर कानपूरला गेले. आम्ही कल्पना करतो, पन्नासेक मोडकी धुडं, गवत वाढलेलं, आणि मधे ही माणसं. या विमानाची शेपटी धड आहे, त्याचा पंख धड आहे, तिसऱ्याचं इंजिन चालेल. एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं. आपली आजी काय करायची? एका लुगड्याचा काठ, दुसऱ्याचा पदर, बापूच्या जुन्या धोतराचं अस्तर. आणि वाकळ अशी व्हायची की दोन पिढ्या त्यात झोपायच्या.

कानपूरला विमान पुरतं नीट करायचं नव्हतं, फक्त बंगलोरपर्यंत उडेल एवढंच. आणि उडवायचं कुणी? कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. जे विमान परत उडू नये म्हणून मोडलं होतं, त्यात बसून ते कानपूरहून बंगलोरला यायचे. पुन्हा जायचे, दुसरं आणायचे. अशी बेचाळीसच्या आसपास विमानं आणली. त्यांच्या घरच्यांचा जीव त्या दिवसांत कसा राहिला असेल, ते त्यांनाच माहीत. बंगलोरला विमानं पूर्ण उघडून, जोडून, तपासून नवी केली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली विमानं वायुदलाला मिळाली आणि ५ नंबरची स्क्वाड्रन कानपूरलाच उभी राहिली. ज्यांनी ती मोडली होती त्यांना ऐकून विश्वास बसला नाही म्हणतात. आम्हाला बसतो. आमच्या गावात फुटलेली बादली डांबर लावून दहा वर्षं चालते.

१९५१ साली ६ नंबरची स्क्वाड्रन पुण्यात नव्यानं उभी राहिली, तीही लिबरेटर घेऊन. तिचं काम समुद्रावर लक्ष ठेवायचं. म्हणजे लोहगावच्या आसपासच्या जुन्या लोकांनी ही चार इंजिनांची घरघर ऐकलेली असणार. तुमच्या घरात कुणी आजोबा असतील, त्यांना विचारा, आणि आम्हाला कळवा. ही विमानं १९६८ पर्यंत वायुदलात होती. जगात दुसरीकडे कुठेच लष्करात ती एवढी वर्षं टिकली नाहीत. भंगार म्हणून टाकलेलं विमान त्यानंतर वीस वर्षं उडालं.

मग परदेशातली संग्रहालयं जागी झाली. कारण त्यांच्याकडे उरलीच नव्हती. अठरा हजारांवर बनवलेली, पण बहुतेक वितळवून भांडीकुंडी केलेली. मग ती मागणी घेऊन आली आपल्याकडे. एक कॅनडाला गेलं, एक अमेरिकेत ॲरिझोनाला. आणि आपलं के-एन ७५१ १९७४ साली भारतीय वायुदलानं ब्रिटनला भेट दिलं. ते पेटीत घालून नाही, उडत गेलं. आज सगळ्या जगात पूर्ण अवस्थेतली जेमतेम डझनभर लिबरेटरं आहेत, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी कानपूरच्या त्या उकिरड्यातून आपल्या कारागिरांनी उठवलेली. ज्यांनी उसनं दिलं, ज्यांनी वापरून मोडलं, त्या दोघांनाही आपण त्यांची वस्तू नीट करून परत दिली.

सगळीच परत आली असं मात्र नाही. चीनमधून आसामला सामान आणायला येताना २५ जानेवारी १९४४ रोजी एक अमेरिकन लिबरेटर खराब हवेत अरुणाचलच्या डोंगरांत कोसळलं. आत आठ जण. ते सापडलं २००६ साली, बासष्ट वर्षांनी. त्यातल्या रॉबर्ट ऑक्सफर्ड या अधिकाऱ्याचे अवशेष ओळखून २०१७ साली त्याच्या जॉर्जियातल्या गावी पुरले. तोवर त्याचे आईवडील कधीच गेले होते. आपल्याकडे ज्या घरातला माणूस गेला पण देह आला नाही, त्या घरातल्या बाईला विचारा हे काय असतं.

आता शेवटचं. हे सगळं आम्ही का सांगत बसलो?

आमच्यातल्या एकीची मुलगी आयटीआयला फिटरचा कोर्स करून बाहेर पडली. वर्गात पहिल्या तिघांत. एका कारखान्यात मुलाखतीला गेली. तिथल्या साहेबांनी कागद बघितले, हात बघितले आणि म्हणाले, "मुलींना आम्ही मशीनवर ठेवत नाही. पॅकिंगला जागा आहे, बसतेस का?" ती घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही. तिची आई आम्हाला म्हणाली, "हिला काहीतरी सांगा गं."

आम्ही तिला हीच गोष्ट सांगितली. तर ती म्हणाली, "मावशी, ऐंशी वर्षांपूर्वी बायकांनी विमानं बनवली आणि नंतर त्यांना घरीच पाठवलं ना? मग माझा काय फायदा?"

मैत्रिणींनो, आमच्याकडे पटकन उत्तर नव्हतं. खरंच आहे तिचं. लढाई होती तोवर त्या बायकांचे हात चालत होते, लढाई संपली तसे ते हात नकोसे झाले. आम्ही रात्री फोनवर बोलत बसलो. मग आमच्यातली सगळ्यात मोठी, शिलाई मशीन दुरुस्त करणारी, तिनं तिला एवढंच विचारलं, "पोरी, ते कानपूरला पडलेलं विमान बघ. त्याला लोकांनी भंगार ठरवलं. पण त्यात मारलेले रिवेट काय ढिले झाले होते? विलो रनच्या बायकांनी मारलेला रिवेट बुलडोझरनंही सगळा निघाला नाही, म्हणून तर बंगलोरवाल्यांना काही उरलं. तू शिकलीस ते कुणी काढून घेतलंय का तुझ्याकडून?"

पोरगी गप्प बसली. रडली थोडी. मग जेवली.

येत्या सोमवारी तिची दुसरी मुलाखत आहे, दुसऱ्या कारखान्यात. काय होईल आम्हाला माहीत नाही. नोकरी लागलीच तर पेढे आम्ही वाटू, आणि नाही लागली तर तिसरीकडे जाऊ, या वेळी तिच्याबरोबर आमच्यातल्या दोघी जातील. आणि जे दादा-भाऊ ऐकत आहेत, ज्यांची वर्कशॉप आहेत, गॅरेज आहेत, त्यांना एकच विनंती. दारात मुलगी आली तर तिचे कागद बघा, तिच्या हातात पाना द्या, एक जोड मारून दाखव म्हणा. जोड कच्चा निघाला तर नाही म्हणा. पण आधी मारून तर बघू द्या.

तुमच्या घरात एखादी वस्तू असेल, दुसऱ्यांनी टाकून दिलेली आणि तुम्ही नीट करून वापरात आणलेली, तर पुढच्या आठवड्यात आम्हाला फोन करून सांगा. मग ती इस्त्री असो, पाण्याची मोटार असो, नाहीतर सासूबाईंची वाकळ. कुणी शिकवलं, कशी केली, ते सांगा. त्यावरच पुढचा कार्यक्रम करू.

येतो आम्ही. सोमवारी पोरीची आठवण ठेवा.